उत्तररात्रीचे दुखणे

वैद्यकीय महाविद्यालयात रोग्याची कैफियत घेण्याचा जो क्रम आम्हांस शिकविला गेला, त्यात दुखणे कोठे होते, कसे होते, कोणीकडे पसरते, कशाने वाढते आणि कशाने उतरते हे प्रश्न अग्रभागी असत. ते कोणत्या वेळी होते हा प्रश्न यादीच्या शेपटाशी कोठेतरी लोंबकळत असे, आणि विद्यार्थ्याकडून तो विचारावयाचा राहून गेला तरी परीक्षक त्याबद्दल फारसे गुण कापीत नसत. पुढे सरकारी नोकरीत रुजू होऊन मी भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे १ मे १९९९ रोजी जो गोंदिया जिल्हा म्हणून निराळा झाला त्या मुलखात आलो. नोकरीची मुदत संपल्यावर गोंदिया शहरातच चार खाटांचा एक लहानसा दवाखाना थाटून इथलाच झालो. आणि या धानपिकवू माणसांची नाडी पाहता पाहता, हृदयाच्या एका विकारापुरता तरी, तो शेपटाचा प्रश्न मी उचलून पहिल्या ओळीत आणून बसविला.

हा प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. ‘किती वाजता दुखते?’ असे थेट विचारले तर सालेकसा-देवरीकडचा माणूस खांदे उडवितो, किंवा डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळा होतो. परंतु ‘तेव्हा काय चालले होते?’ असे विचारले, की तोच माणूस तहसील कचेरीतील दप्तरदारालाही हेवा वाटावा इतका तपशील पुरवितो. कोंबड्याने बांग दिली होती, पण गोठ्यातले बैल उठले नव्हते. जागलीवरचा शेकोटीचा विस्तव विझत आला होता. गोंदियाकडे जाणाऱ्या मालगाडीची शिटी झाली होती. धान पोटरीला आल्यावर रानडुकरांपासून ते राखण्यासाठी बांधीच्या कडेला मचाण घालून जो माणूस महिना-महिना जागली करतो, त्याला रात्रीच्या प्रहरांचे जे ज्ञान असते ते मनगटावर घड्याळ बांधणाऱ्या आम्हां लोकांना नसते. हे ज्ञान रोगनिदानाच्या कामी येऊ शकेल, ही गोष्ट मात्र ज्या पुस्तकांवर आमचा पिंड पोसला गेला त्यांनी आम्हांस सांगितलेली नव्हती.

त्या पुस्तकांतील हृदयशूळाचे चित्र विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यमंडळापुढे वाचलेल्या निबंधातून आलेले आहे, आणि ते इतके नेटके आहे की अडीचशे वर्षांत त्याचा रंग फारसा उडालेला नाही. माणूस चढणीवर चालू लागतो, विशेषतः जेवणानंतर. छातीत आवळून येते. तो थांबतो आणि ते थांबते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत मेदाचे थर साचून वाट अरुंद झाली, की श्रमाच्या वेळी लागणारे जादा रक्त तेथून जाऊ शकत नाही, हा त्याचा आजचा उलगडा शाळकरी मुलासही समजण्याजोगा आहे. पण खुद्द हेबर्डनने, पहिली झोप झाल्यावर अंथरुणात हा शूळ उठणारे रोगीही आपल्या पाहण्यात आल्याची नोंद करून ठेवली होती. पुढच्या पिढ्यांनी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा टिपेत ढकलला. तो टिपेतून वर काढण्याचे श्रेय लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिंझमेटल यांचे. १९५९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, की ज्यांना श्रमाने काही होत नाही, परंतु स्वस्थ पडले असता, पुष्कळदा दिवसाच्या ठरावीक वेळी, छातीत असह्य कळ येते, आणि त्या क्षणी विद्युत्‌आलेख काढला तर एरवी मोठ्या हृदयविकाराच्या झटक्यातच दिसावा असा त्यातील एसटी खंड उंच चढलेला दिसतो. कळ ओसरली की तो मुकाट्याने खाली येतो. धमनीच्या भिंतीतील स्नायूंचे वेटोळे अकस्मात आवळले जाऊन वाट तेवढ्यापुरती बंद होत असावी, असे अनुमान त्यांनी बांधले. धमनीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून तिचे चित्र घेण्याची युक्ती क्लीव्हलंडच्या मेसन सोन्स यांना १९५८ मध्येच साधली होती. त्यामुळे पुढे इटलीत अत्तिलिओ मासेरी यांच्यासारख्यांना ते आवळणे प्रत्यक्ष पडद्यावर पाहता आले, आणि १९७८ मध्ये मासेरींनी असे साधार मांडले, की हे आवळणे लांबले तर ते हृदयस्नायूचा काही भाग कायमचा मारून खराखुरा झटकाही आणू शकते.

आता मी ज्या गृहस्थाविषयी लिहिणार आहे, तो अर्जुनी मोरगावच्या बाजूचा पन्नाशीच्या आतला शेतकरी होता. त्याला काही महिन्यांपूर्वी झटका येऊन गेला होता. नागपूरच्या एका रुग्णालयात त्याची रवानगी झाली होती. तेथे रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले आढळले, म्हणजे स्नायूची हानी झाली होती यात शंका नव्हती. आणि अँजिओग्राफीत तिन्ही धमन्या साफ निघाल्या होत्या. घरच्यांनी त्या साफ चित्राचा अर्थ आपापल्या मगदुराप्रमाणे लावला. थोरल्या भावाच्या मते झटका वगैरे काही नव्हताच, गॅस होता, आणि दवाखान्यात उगाच पैसे ओतले; बायकोच्या मते झटका होता, पण डॉक्टरांना सापडला नाही, म्हणून तो कोणत्याही घटकेला परत येईल; आणि स्वतः रोगी या दोघांच्या मध्ये बसून मुकाट्याने चार प्रकारच्या गोळ्या गिळीत होता. त्याची तक्रार एवढीच होती, की गोळ्या चालू झाल्यापासून दुखणे कमी न होता वाढले आहे.

‘कोंबडा बागते त्या वक्ताले छातीवर धानाचं पोतं ठेवल्यावानी होते, साहेब,’ तो म्हणाला. ‘उठून बसलो का हरूहरू उतरते. अन् मंग दिवसभर काई नाही. काल तर दुपारभर बांधीत चिखल करत होतो.’

दुपारभर चिखलणी करूनही ज्याच्या छातीत हूं की चूं होत नाही आणि पहाटे अंथरुणातून उठून लोटा घेऊन बाहेर पडावयाचे म्हटले तर ज्याला उंबऱ्याशीच बसावे लागते, त्याच्या धमन्या मेदाने बुजल्या असतील हे संभवत नाही. जपानमधील हिरोफुमी यासुए यांनी १९७९ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवले होते: या विकाराच्या रोग्यांना तोच व्यायाम पहाटे करावयास लावला तर कळ उठते, आणि दुपारी लावला तर उठत नाही. या गृहस्थाची पहाट पाहिल्याशिवाय त्याला औषध द्यावयाचे नाही असे ठरवून मी त्याला दवाखान्यात ठेवून घेतले, खाटेशेजारी विद्युत्‌आलेखाचे यंत्र आणून लावले, त्याच्या छातीवर आणि हातापायांवर पट्टे तसेच बांधून ठेवले, आणि सिस्टरला ताकीद दिली, की याने नुसते हुंकारले तरी आधी कळ दाबून कागद काढावयाचा आणि मग मला उठवावयाचे. पहिली रात्र कोरी गेली. दुसऱ्या रात्री, साडेचार वाजण्याच्या सुमारास, मी पोहोचलो तेव्हा सिस्टरच्या हातात हातभर कागद लोंबत होता आणि यंत्र चालूच होते.

सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकणाऱ्या त्या गुलाबी चौकटींच्या पट्टीवर प्रथम दहा-पंधरा ठोके अगदी शहाण्यासारखे उमटले होते. त्यानंतर दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ या लीडमध्ये, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीची खबर देणाऱ्या जागी, ठोक्यामागची सपाट रेषा पायरी-पायरीने वर सरकत गेली होती, आणि शेवटी शिखर व उतार यांतला भेदच नाहीसा होऊन प्रत्येक ठोका एका उंच घुमटाएवढा झाला होता. नाडीही मंद होऊन चाळिसाच्या घरात आली होती. रोग्याच्या कपाळावर घाम होता आणि तो मान हलवून ‘हेच ते’ एवढेच सांगत होता. जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवली. यंत्र थांबू दिले नाही. तीन-चार मिनिटांत ते घुमट उतरू लागले, रेषा आपल्या जाग्यावर आली, नाडी सुधारली, आणि पट्टीच्या शेवटी पुन्हा ते शहाणे ठोके असे उमटू लागले, की ही पट्टी दोन तुकडे करून कोणाला दाखविली असती तर ती एकाच माणसाची आहे यावर त्याचा विश्वास बसला नसता. सकाळी भाऊ आणि बायको आल्यावर ती सबंध पट्टी मी बाकावर पसरली आणि बोटाने चढ-उतार दाखवीत गेलो. भाऊ म्हणाला, ‘म्हंजे गॅस नव्हता.’ बायको काहीच बोलली नाही. पण पट्टीवर जेथे रेषा उतरू लागली होती तेथे तिने आपले बोट टेकवून ठेवले होते.

त्याच्या चार गोळ्यांपैकी एक बीटा-ब्लॉकर वर्गातील होती. झटका येऊन गेलेल्या बहुसंख्य रोग्यांना ती दिली जाते आणि रास्तपणे दिली जाते, कारण ती हृदयाचे श्रम कमी करते आणि ठोक्यांतील घातक अनियमितपणाला आळा घालते. तेव्हा ज्याने ती लिहिली त्याने प्रघाताला सोडून काही केले होते असे नाही. परंतु धमनीच्या भिंतीत तिला सैल करणारी आणि तिला आवळणारी अशी दोन्ही प्रकारची केंद्रे असतात. बीटा-ब्लॉकरने सैल करणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप पडते, आवळणाऱ्यांना मोकळे रान मिळते, आणि ज्याच्या धमनीला मुळातच आवळण्याची खोड आहे त्याचे दुखणे बळावते. ती गोळी मी टप्प्याटप्प्याने काढून टाकली आणि डिल्टियाझेम सुरू केले. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरल्यावाचून ती आकुंचन पावू शकत नाही. हे औषध त्या प्रवेशाला अटकाव करते. रात्रीची मात्रा निजतेवेळी घ्यावयाची, म्हणजे तिचा अंमल पहाटेपर्यंत राहावा, एवढाच काय तो माझा पदरचा आग्रह. त्या आठवड्यातच त्याची पहाट निवळली.

अशा रोग्याच्या हातात अँजिओग्राफीचा जो कागद असतो, त्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण माझ्या मते या विकारातील निम्मे अनर्थ त्या कागदाच्या वाचनातून घडतात. ती तपासणी दिवसाढवळ्या होते. तपासणीच्या आधी किंवा मध्ये धमनी सैल करणारे नायट्रेट पुष्कळदा दिलेलेच असते. आणि तिच्यात धमनीचे जे रूप दिसते ते त्या घटकेचे असते. धमनीला मुद्दाम डिवचून ती आवळते काय हे पाहण्याची रीत आहे, जपानमध्ये त्यासाठी अॅसिटिलकोलीन वापरतात. पण ती जोखमीची असल्याने आपल्याकडे क्वचितच होते. झटका आलेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांच्या धमन्यांत लक्षात घेण्याजोगा अडथळा सापडत नाही, असे जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित गणित २०१५ मध्ये मांडले गेले. या सहांमध्ये आकडी आलेल्या धमनीचे रोगी आहेत, फुटून पुन्हा बुजलेल्या मेदाच्या थराचे आहेत, हृदयस्नायूच्या सुजेचेही आहेत. त्यांच्यातील वर्षभरातला मृत्यूचा वाटा शेकडा पाचाच्या आसपास होता, म्हणजे अडथळा असलेल्यांहून थोडा कमी. कमी आहे म्हणून आनंद मानावा, पण शून्य नाही हे विसरू नये. आणि नेमके तेच विसरले जाते. साफ धमनीचा दाखला मिळाला, की माणूस घरी जाऊन गोळ्यांची पिशवी देवळीत ठेवून देतो.

गोळ्या एकाएकी बंद केल्याने काय होते, याचा सर्वांत विलक्षण दाखला दवाखान्यांतून आलेला नसून स्फोटकांच्या कारखान्यांतून आलेला आहे. नायट्रोग्लिसरीन हे हृदयशूळावरचे जुने औषध. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये ते प्रचारात आणले, आणि ज्याने त्याच द्रव्याचा डायनामाइट करून अमाप संपत्ती मिळविली त्या आल्फ्रेड नोबेललाही अखेरच्या वर्षांत हृदयविकारासाठी ते घेण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा दैवाच्या या थट्टेची त्याने आपल्या पत्रात नोंद केली. कारखान्यांत हे द्रव्य हाताळणाऱ्या कामगारांच्या अंगात ते त्वचेतून व श्वासातून मुरते. त्यांच्या धमन्यांना त्या सैलपणाची सवय होते. आणि आठवड्याच्या सुट्टीत ते तुटले म्हणजे धमन्या उलट आवळतात. सुट्टी संपून कामावर परतावयाच्या वेळी अशा कामगारांना छातीच्या कळा येत, काहींना अवचित मृत्यूही येई. १९७२ मध्ये अमेरिकन वैद्यांनी या रोग्यांचे जे वृत्त प्रसिद्ध केले, त्यात धमन्यांत मेदाचा अडथळा नसून आवळण्याचाच दोष असल्याचे दिसून आले. आमच्या शेजारी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी असल्यामुळे असेल, हे वृत्त वाचताना मला ते परदेशातले वाटले नाही, आणि औषध तोडणाऱ्या रोग्याला समजवावयाला ही हकीकत जितकी उपयोगी पडते तितका दुसरा कोणताही उपदेश पडत नाही. निदान ती तो ऐकून तरी घेतो.

धमनी आवळण्याला कारणे अनेक आहेत. थंडी हे एक आहे, आणि विदर्भात हिवाळ्यातले नीचांकी तापमान पुष्कळदा गोंदियाच्याच नावावर लागते. मद्य उतरण्याची वेळ हे दुसरे. रात्री मोहाची घेतलेल्या माणसाची पहाट म्हणून धोक्याची. जोरजोराने व जलद श्वास घेणे हेही एक आहे, आणि प्राणायामाच्या नावाखाली पहाटे उठून भाता चालविणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मला त्यातून परावृत्त करावे लागले होते, ज्याबद्दल त्यांनी मला अद्याप क्षमा केलेली नाही. पण या सर्वांच्या वर तंबाखू आहे. धमनीच्या आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करून तिला सैल ठेवीत असते. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये अस्तराच्या या गुणाचा छडा लावला आणि त्यांना व इतर दोघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते नोबेल पुन्हा त्याच नायट्रोग्लिसरीनवाल्याच्या नावाचे. तंबाखू या अस्तरालाच कुरतडते.

आता या जिल्ह्यात तंबाखूविरुद्ध बोलणे ही साधी गोष्ट नाही. मे महिन्यात जंगलालगतच्या गावात जाऊन पाहावे: घरातली लहानथोर माणसे उजाडण्यापूर्वी रानात गेलेली असतात, दुपारी अंगणात बसून तेंदूची पाने सत्तर-सत्तरांच्या पुड्यांत बांधीत असतात, आणि सांजेला ते पुडे फळीवर मोजून देतात, पावसाळ्याच्या तोंडाशी बियाण्याला आणि खताला लागणारा पैसा त्यातूनच उभा राहतो. बिडीच्या व्यापारातून इथे जी घराणी उदयास आली, त्यांतील मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या शिक्षकांचे शिक्षण तिच्या शाळा-महाविद्यालयांत झालेले असते. मी ज्या तंबाखूची निंदा करतो तिनेच या मुलखाला अक्षरओळख दिली, हे मला नाकारता येत नाही. आणि म्हणून मी रोग्यासमोर तंबाखूला शिव्या देत नाही, फक्त त्याच्या पट्टीवरचा चढ दाखवितो.

बिडी पुष्कळजण सोडतात. सोडीत नाहीत तो खर्रा. पानठेल्यावर सुपारीचा कीस, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून तळहाताने घोटघोटून तो तयार होतो, हल्ली तर घोटण्याची विजेवर चालणारी यंत्रेही आली आहेत. आणि ‘बिडी सोडली ना साहेब, आता फक्त खर्रा’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे, की बोलणाऱ्याचा गाल पाहूनच ते मला आधी ऐकू येते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा २६.६ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले. ओढणारे प्रौढांत शेकडा ३.८ च होते. म्हणजे आमचा प्रश्न धुराचा कमी आणि गालातल्या गोळीचा अधिक आहे. चघळलेल्या तंबाखूनेही नाडी व रक्तदाब चढतो आणि हृदयाची धमनी आकसते. आणि जागली करणारा माणूस झोप येऊ नये म्हणून रात्री जो शेवटचा खर्रा तोंडात धरतो, तो नेमक्या त्या प्रहरापर्यंत पुरतो जेव्हा धमनी स्वभावतःच आवळण्याच्या बेतात असते. त्या शेतकऱ्याचा खर्रा सुटला तो माझ्या बोलण्याने नव्हे. त्याच्या बायकोने पानठेलेवाल्याला जाऊन सांगितले, की याला उधार दिलेस तर धान निघाल्यावर पैसा मिळणार नाही.

झटक्यानंतर माणूस किती जगेल, हा प्रश्न रोगी क्वचितच विचारतो. तो विचारावयाला जावई किंवा मेहुणा मागे थांबतो आणि आवाज खाली आणतो. या प्रश्नाला मी आकड्यांनी उत्तर देतो, कारण या एका विकारात आकडे दिलासा देणारे आहेत. यासुए यांनी १९८८ मध्ये अशा २४५ रोग्यांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांत पाच वर्षांनी शेकडा ९७ आणि दहा वर्षांनी शेकडा ९३ जण हयात होते. मात्र झटका न येता दहा वर्षे काढलेल्यांचे प्रमाण शेकडा ८१ होते, म्हणजे जीव जाण्याचे भय कमी असले तरी स्नायू गमावण्याचे भय तितके कमी नाही. आणि ज्यांना झटका आला त्यांपैकी पुष्कळांना तो सुरुवातीच्या काळातच आला. कॅल्शियमला अटकाव करणारे औषध चालू असणे, मेदाचा अडथळा सोबतीला नसणे आणि आवळण्याची खोड अनेक धमन्यांत पसरलेली नसणे, या बाबींवर पुढचे भवितव्य अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. हा विकार ऋतूंसारखा येतो-जातो. महिनोन्‌महिने निद्रिस्त राहतो, मग पंधरवडाभर रोज पहाटे उठवितो. तो निद्रिस्त असतानाच माणसाला आपण बरे झालो असे वाटते.

दुसरा आकडा मात्र दिलासा देण्याऐवजी घाबरवितो, तो केवळ गैरसमजापायी. इकोच्या तपासणीत हृदय एका ठोक्यात आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर फेकते ते मोजतात, आणि झटक्यानंतरच्या आयुष्याविषयी यापेक्षा बोलका आकडा नाही; पस्तिसाच्या खाली गेला तर ठोके बिघडून अवचित मृत्यू येण्याची धास्ती खरी. परंतु निरोगी हृदयही पन्नास-पंचावन्न ते सत्तर टक्केच फेकते, शंभर कधीच नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर पोसलेल्या आमच्या समाजाला हे कोण सांगणार? ‘साहेब, पंचावन्नच टक्के निघाले, पंचेचाळीस टक्के हृदय गेले म्हणायचे,’ असे म्हणून धष्टपुष्ट माणसाने शेती वाट्याने देऊन टाकल्याचे मी पाहिले आहे. ज्याला गोळी घ्यावयास लावावयाची त्याने गोळी सोडावी आणि ज्याने नांगर धरावयाचा त्याने खाट धरावी, असा हा उफराटा व्यवहार.

सर्वांचेच चांगले झाले असे लिहिलेले मला शोभणार नाही. आमगावकडच्या एका मिलमधील हमालाचे दुखणे वर्षभर पूर्ण थांबले होते; पुढे मजुरीसाठी तो परप्रांतात गेला, तेथे ‘इतकी जुनी गोळी कशाला’ म्हणून कोणी ती काढली की त्याची त्यानेच संपविली, हे कळले नाही; थंडीच्या दिवसांत पहाटे तो गेला, एवढा निरोप त्याच्या चुलत्याने आणून दिला. तेव्हापासून अशा प्रत्येक रोग्याला मी स्वच्छ मराठीत, ठळक अक्षरांत एक कागद लिहून देऊ लागलो. त्यात विकाराचे नाव, त्या पट्टीची झेरॉक्स, कोणत्या वर्गाची औषधे देऊ नयेत त्याची नोंद, निजतेवेळची गोळी अचानक बंद करावयाची नाही ही सूचना, आणि पाच मिनिटांत न थांबणाऱ्या कळेला १०८ ची गाडी बोलवावयाची हा इशारा असतो. साफ अँजिओग्राफीचा कागद त्याच्यामागे टाचलेला, म्हणजे एक वाचणाऱ्याला दुसरा वाचावाच लागावा.

अर्जुनी मोरगावच्या त्या शेतकऱ्याने आपला कागद प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतला आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ट्रंकेत ठेवला. दाढ काढावयाच्या वेळी त्याने तो दंतवैद्यापुढे ठेवला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्यापुढे ठेवला, आणि त्या बाईंनी तो वाचून मला फोन करून दोन नेमके प्रश्न विचारले. मागच्या खेपेला तो आला तेव्हा त्याने जागलीची परवानगी मागितली. मी म्हटले, मध्यरात्रीपर्यंत तुम्ही करा, नंतर मुलाला पाठवा. मुलगा रात्री मोबाइल पाहत बसतो आणि डुकरे त्याच्या देखत धान खाऊन जातात, अशी त्याची तक्रार होती. तिच्यावर माझ्याजवळ इलाज नव्हता.